रुपीबाईच्या घुगरीचं रीडिंग

ममता आडे यवतमाळला नेमकं काय करते, हे तिच्या बंजारा तांड्यात प्रत्येकाला माहीत आहे, आणि प्रत्येकाला वेगळं माहीत आहे. तिची आई रुपीबाई म्हणते, "थे चांदी उकडते." शेजारची सुखीबाई म्हणते, "कॉलेजात करंटचं काम हाय तिचं. लाईनमनवानी. पन खांबावर चढत नाई." आणि बाप रूपसिंग, ज्याने पांढरकवड्याच्या हायवेवर नागपूर-हैदराबाद करत उभी जवानी ट्रकच्या स्टेअरिंगमागे घालवली, तो तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतो आणि सांगतो, "मी जिंदगीभर धूर सोडला, पोट्टी थो धूर वापस घेऊन राह्यली. हिसाब बराबर."

तिघांमध्ये खऱ्याच्या सगळ्यात जवळून जातं ते रूपसिंगचं उत्तर.

ममता केमिस्ट्रीत पीएचडी करते आहे. धुरात जो कार्बन डायऑक्साइड असतो, तो ती सोडा घातलेल्या पाण्यात सोडते. त्या पाण्यात धातूचा एक तुकडा बुडवलेला असतो आणि त्याला वीज जोडलेली असते. धातू चांगला निघाला तर त्याच्या अंगावर येऊन तो वायू मोडतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याच्यापासून पुढे इंधन करता येतं, प्लास्टिक करता येतं, पुष्कळ काही करता येतं. धातू आळशी निघाला तर वीज नुसती पाणी फोडत बसते आणि हायड्रोजनचे बुडबुडे काढते. तांब्याचा स्वभाव वेगळा, कथलाचा वेगळा, चांदीचा वेगळा. ममताच्या वाट्याला चांदी आली होती. शंभर भाग वीज घातली तर त्यातली किती कामाला लागली आणि किती बुडबुड्यांत गेली, एवढाच तिच्या आयुष्याचा प्रश्न होता. याला ती 'रीडिंग' म्हणायची. तिचं रीडिंग पन्नासच्या आसपास घुटमळत असे. जगात लोक नव्वदच्या वर गेलेले होते, पण महागड्या वस्तू वापरून. साध्या चांदीच्या पत्र्यावर काही सोपी करामत करून ऐंशी पार करायचं, असं तिच्या रजिस्ट्रेशनच्या अर्जात लिहिलेलं होतं. अर्ज भरताना माणूस तरुण असतो.

कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. तिथे कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर यायचा तो सोडा-लेमनवाल्याकडून. उन्हाळ्यात सोड्याला गिऱ्हाईक वाढलं की विज्ञान थांबायचं. वायू मोजायचं मोठं यंत्र तर यवतमाळात नव्हतंच. त्यामुळे ममता तयार झालेला वायू उशीएवढ्या चकचकीत पिशवीत भरायची, पिशवी मांडीवर घ्यायची आणि एसटीने नागपूरला जायची. त्या गाडीचे कंडक्टर तिला ओळखायला लागले होते, तरी दर वेळी तेच व्हायचं.

"ह्याच्यात काय हाय, बाई?"

"हवा."

"हवा? अन् नागपूरले कायले नेऊन राह्यल्या? नागपुरात हवा नाई का?"

"तपासायला नेते."

"बिमार हाय का हवा?" मग मागच्या सीटकडे वळून, "पाह्य रे, लोकं रक्त तपासाले जातात, बाई हवा तपासाले चालल्या." आणि तिकीट फाडता फाडता, जरा आवाज खाली करून, "फुटन तर नाई ना, पन?"

"फुटली तर माझं नुकसान आहे, तुमच्या गाडीचं नाही."

"मंग ठीक."

गोष्ट सुरू झाली ती लखीरामच्या पोरीच्या लग्नात. नाचताना रुपीबाईची घुगरी कुणाच्या तरी ओढणीत अडकली आणि ओढाताणीत तिचं एक पान तुटून पडलं. घुगरी म्हणजे कानाजवळच्या केसांत लोंबणारा चांदीचा झुबका. डावीकडे एक, उजवीकडे एक. आता नव्या सुना घालत नाहीत, पण रुपीबाईच्या वयाच्या बाया अजून घालतात, आणि नवरा आहे तोवर काढत नाहीत. याशिवाय रुपीबाईचा स्वतःचा एक नियम होता, तो तांड्याचा नव्हे, फक्त तिचा: घुगरी घासायची नाही. "सुहागाची चांदी घासली का झिजते," ती म्हणायची. "अन् एकटी चांदीच झिजते असं थोडंच हाय!" त्यामुळे तिच्या घुगऱ्या लग्नापासूनचा घाम, तेल आणि चुलीचा धूर खाऊन काळ्या पडलेल्या होत्या.

तुटलेली डावी घुगरी आणि पान रुमालात बांधून ममता यवतमाळला सोनाराकडे निघाली. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतली चांदी संपलेली होती. मागवलेली आली नव्हती. अनिकेत, तिच्याच गाईड मॅडमकडे काम करणारा यवतमाळचा पोरगा, दिवसातून दहा वेळा "ताई, पार्सल ट्रॅक केलं, अजून भिवंडीतच दाखवतंय" असं आनंदाने सांगत होता. ममताने घुगरी सोनाराकडे टाकली आणि पान मात्र खिशात ठेवलं. दुपारी ते क्लिपमध्ये अडकवून पाण्यात सोडलं.

नियम असा असतो की धातू आधी बारीक पॉलिश पेपरने घासून आरशासारखा करायचा. ममताने हजारदा केलेलं हे काम त्या दिवशी केलं नाही. का नाही केलं, असं पुढे मॅडमनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आईची आहे ना, मॅडम. हात गेला नाही."

नागपूरहून रीडिंग आलं शहाऐंशी.

अनिकेतने खोलीभर उड्या मारल्या. "ताई! शहाऐंशी! अगं काय सॉलिड! पाठवून देऊ ना पेपर! कुणाच्या बापाला कळतंय!"

डॉ. रजनी पांढरीपांडे मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. मॅडमना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'कळतंय ना?' लागतं, जसं काहींना जेवणाच्या शेवटी ताक लागतं. "हे बघ ममता, एकदा आलं म्हणजे आलं नाही. तीनदा आलं म्हणजे आलं. कळतंय ना? परत कर. आणि या वेळी व्यवस्थित पॉलिश करून. घाणीवर रीडिंग घेतात का कुणी? कळतंय ना?"

ममताने पान पॉलिश केलं. आरशासारखं केलं. पिशवी मांडीवर घेऊन नागपूर गाठलं. रीडिंग एकावन्न.

मग ती धावत सोनाराकडे गेली. डावी घुगरी तर होती! सोनाराने ती तिच्या हातात ठेवली तेव्हा दुकान उजळलं. त्याने तेजाबात उकळून, ब्रश मारून, नवरीसारखी करून ठेवली होती. "पाहा ताई, वळखू येते का? काय काळी होती, काय पांढरी केली!" त्या पांढऱ्या घुगरीचं रीडिंग एकोणपन्नास आलं.

म्हणजे चांदीत काही नव्हतं. जे होतं ते चांदीवरच्या काळ्या थरात होतं. आणि तो थर एका पानावरून ममताने स्वतःच्या हाताने घासून काढला होता आणि बाकीच्यावरून सोनाराने. जगात तसा थर आता एकाच ठिकाणी शिल्लक होता. रुपीबाईच्या उजव्या कानाजवळ.

विद्यापीठात पीएचडीच्या शेवटच्या प्रेझेंटेशनची तारीख लागलेली होती. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळत नाही. ममताकडे दाखवायला सहा वर्षांची पन्नाशीतली रीडिंगं होती आणि एक अनाथ शहाऐंशी. पन्नाशी दाखवली तर समिती म्हणणार, यात नवीन काय. शहाऐंशी दाखवलं तर म्हणणार, परत करून दाखवा. अनिकेतचं म्हणणं होतं की तीन रीडिंगं लिहून टाकावीत, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी, कोण येतंय पाहायला. ममताने वही मिटली. ती शनिवारी घरी गेली.

रुपीबाई ओट्यावर तूर पाखडत होती. सुखीबाई बाजूला बसून पाखडण्यातले दोष काढत होती. ममताने चहा प्यायला, चमकवून आलेली डावी घुगरी परत देऊन बोलणी खाल्ली, आणि मग उजवी मागितली.

रुपीबाईचं सूप हवेत थांबलं. रागावली की ती मराठी सोडून गोरबोलीत शिरते. "छोरी," ती म्हणाली, "तारो बाप जीवतो छ."

"याडी, मला माहीत आहे बाप जिवंत आहे. मी फक्त एका दुपारपुरती मागते आहे."

"एका दुपारपुरतं बी कोनी मरत नाई."

सुखीबाईला हे फारच आवडलं. "अवं, ते डावी तं तुटलीच हाय. आता उजवी बी काढ म्हणते पोट्टी. काल लखीरामची बायको मले विचारून राह्यली होती, रुपीबाईच्या घरी सगळं बरं हाय ना म्हणून. मी म्हटलं, बरं हाय बापा, आत्ताच खर्रा घेऊन गेलता रूपसिंग."

"तू गप वं, सुखे."

"मी गपच हाव."

"मी काढणार नाई अन् घासू देणार नाई," रुपीबाई म्हणाली. मग बराच वेळ तूर पाखडून, "त्याच्यापरीस मीच येतो तुह्या कॉलेजात. तुहं भांडं माह्या कानापाशी आण. डोकं असं वाकडं करून बसतो मी. बुडव काय बुडवायचं थे."

ममताने डोळे मिटले. "याडी, त्यात करंट असतो."

"मंग तुही चांदी मरत नाई, मीच कायले मरन?"

सुखीबाई हसता हसता सुपात पडायची राहिली. रूपसिंग खाटेवर पडून हे सगळं ऐकत होता. माणूस सहसा घरातल्या बोलण्यात पडत नसे. तो म्हणाला, "मीच येतो ना."

"तुमी कायले?"

"लोकं काय म्हणतीन? घुगरी काढली म्हणजे नवरा गेला. म्हणतीन ना? तर मी तिथंच बसतो. घुगरीच्या समोर. जितका टाइम घुगरी पाण्यात, तितका टाइम मी खुर्चीत. ज्याले पाहायचं असन त्यानं यावं अन् पाहावं. जिता हाय का नाई."

रुपीबाईने याचा विचार केला. सुखीबाईनेही केला, कारण तो तिचाच विषय होता. "समोर म्हणजे घुगरीले दिसला पाह्यजे," सुखीबाईने अट घातली. "नाई तं बाहेर जाईन बिडी पेयाले."

"मी बिडी पेत नाई. खर्रा खातो."

"थेच."

ठरलं. घुगरी घासायची नाही, तोडायची नाही, तेजाब नाही, आणि रूपसिंग नजरेआड होता कामा नये. ममताने सगळ्या अटी मान्य केल्या. तशाही त्या तिच्या फायद्याच्या होत्या. कामाला लागणारी विजेची टक्केवारी काढायला तुकडा कापून त्याचं क्षेत्रफळ मोजावं लागत नाही, आणि विजेच्या ज्या टोकाला घुगरी लटकणार होती, त्या टोकाला धातू विरघळत नाही. हे तिने आईला समजावून सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वापस येईन ना?"

"येईल."

"काळीच येईन ना?"

"काळेपणाचं काही सांगता येत नाही," ती म्हणाली. खोटं बोलली असती तर सोपं झालं असतं.

सोमवारी तिघं पहिल्या गाडीने यवतमाळला आली. मॅडमनी स्वागत केलं. "या, या. बसा. काका, तुम्ही इथे बसा हं. आणि काकू, तुम्ही इथे. काही घाबरायचं नाही, कळतंय ना?"

"घाबरलो नाई, बाई," रूपसिंग म्हणाला. "मी तं बसाले आलो. माहं काम बसाचंच हाय." आणि तो स्टुलावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढताना बसतात तसा.

अनिकेतने विचारलं, "काका, तुम्हाला माहिती आहे ना ताई काय करतात?"

"धूर वापस घेते."

"करेक्ट! एकदम करेक्ट! आणि त्याला किती वीज लागते माहीत आहे?"

"तुमच्या यवतमाळले जितकी नसते तितकी."

अनिकेत तारा तपासायला लागला.

रुपीबाईने घुगरी काढली. तिचा एक कान आणि एक गाल एकदम वेगळ्याच बाईचा दिसायला लागला. डाव्या बाजूला सोनाराने चमकवलेली, उजव्या बाजूला काही नाही. तिने पदर पुढे ओढला. ममताने घुगरी तारेला अडकवली, मोठ्या तोंडाच्या भांड्यात उतरवली, झाकण लावलं आणि करंट सोडला. सोडेवाल्याचा वायू बुडबुडायला लागला. काळी घुगरी पाण्यात डोलत होती. रूपसिंग समोरून तिच्याकडे पाहत होता. दोघांनी बराच वेळ एकमेकांना पाहिलं.

सुरुवातीचं अर्धं काम सुरळीत झालं. तोवर पहिली पिशवी भरून झाली होती. ममता दुसरी पिशवी जोडायला खाली वाकली, मॅडम फोनवर होत्या, रुपीबाईला डुलकी लागली होती. डुलकीतून ती जागी झाली तेव्हा स्टूल रिकामं होतं.

"बंद कर!"

ममता दचकली. "काय झालं?"

"बंद कर तुही मशीन! थो कुठं गेला?"

रूपसिंग खाली गेला होता. कॉलेजच्या फाटकापाशी पांढरकवड्याच्या नंबराचा एक ट्रक उभा त्याला खिडकीतून दिसला होता, आणि अशा वेळी त्याचे पाय विचारून चालत नाहीत.

"याडी, बाबा खाली आहेत. खिडकीतून बघ. ते काय, दिसतायत. खर्रा घोटतायत."

"मले दिसते. घुगरीले दिसते का?"

मॅडम फोन ठेवून आल्या. "काकू, फक्त अर्धा तास राहिला आहे. आत्ता बंद केलं तर सगळं वाया जाईल, कळतंय ना? थर एकदा बदलला की परत—"

"कळते," रुपीबाई म्हणाली. "मले सगळं कळते, बाई. पन बोलून ठेवलं थे ठेवलं."

अनिकेत ममताच्या कानाशी पुटपुटला, "ताई, पाच मिनिटं धरून ठेव ना. काका येतीलच. स्क्रीन बंद कर, मशीन चालू ठेव. काकूंना काय कळतंय."

ममताचा हात बटणावर होता. सहा वर्षं, दोन मुदतवाढी आणि एक तारीख, सगळं त्या बोटाखाली होतं. स्क्रीन बंद करून मशीन चालू ठेवणं तिला सहज जमलं असतं. तिने आईकडे पाहिलं. आई भांड्याकडे बघत नव्हती. खिडकीकडेही नाही. तिच्याचकडे बघत होती.

ममताने करंट बंद केला.

घुगरी बाहेर काढली तेव्हा ती काळी नव्हती. पांढरीही नव्हती. राखेसारखी, मऊ, उन्हात धरली तर जरा निळसर. रुपीबाईने ती पुसली, केसांत अडकवली, आणि मग कुठे श्वास सोडला. रूपसिंग खर्रा गालात भरून वर आला तेव्हा रिकाम्या भांड्याकडे पाहून म्हणाला, "झालं इतक्यात?"

त्याला उत्तर देण्याचं काम रुपीबाईने परतीच्या पूर्ण प्रवासात केलं. गाडीतल्या लोकांना त्यातली गोरबोली कळली नसेल, पण विषय कळला.

ममताकडे एक पिशवी होती. फक्त पहिली. ती घेऊन ती नागपूरला गेली. चौऱ्याऐंशी.

"दुसऱ्यांदा आलं," मॅडम म्हणाल्या. या वेळी त्या 'कळतंय ना' म्हणायला विसरल्या. मग आठवण आल्यासारखं, "पण तिसऱ्यांदा?"

तिसरी घुगरी नव्हती. बाईला कान दोनच असतात. ममताने मग वेगळा विचार केला. त्या थरात तीन गोष्टी असणार: तेल, धूर आणि घाम. भिवंडीहून सुटलेली चांदी आता आलेली होती. तिने एका पत्र्याला खोबरेल चोपडलं, पन्नास. एका पत्र्याला धुरी दिली, अठ्ठेचाळीस. घामासाठी तिने मीठ घेतलं. मिठाच्या पाण्यात पत्रा बुडवून करंट उलटा फिरवला. पत्र्यावर मळकट थर चढला आणि उन्हात धरल्यावर काळवंडला, थेट घुगरीसारखा. मग करंट सुलटा करून नेहमीचा प्रयोग. सुलट्या करंटने तो थर उतरतो, पण उतरताना चांदीला सपाट ठेवत नाही. मुंग्यांनी पोखरलेल्या मातीसारखी जाळीदार करून जातो, आणि वायूला मोडायला अशी जागा फार आवडते.

मिठाच्या पत्र्याचं रीडिंग एकोणऐंशी आलं. मग ऐंशी. मग एक्क्याऐंशी. घुगरीइतकं नाही, पण तीनदा, आणि पॉलिश केलेल्या पत्र्यापासून सुरुवात करून.

विद्यापीठात समितीवर मुधोळकर सर होते. हे गृहस्थ 'बरं' हा शब्द तीन प्रकारे वापरतात: पहिला म्हणजे ऐकतोय, दुसरा म्हणजे पटलं नाही, आणि तिसरा म्हणजे पटलं, आता पुढचं तुम्ही करा.

"बरं. हे शहाऐंशी आणि चौऱ्याऐंशी. हे नमुने कुठून आणले?"

ममताने सरळ सांगितलं. "माझ्या आईच्या केसांतून, सर."

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"बरं," सर म्हणाले. दुसरा. "म्हणजे नमुना तयार करण्याची पद्धत काय लिहिणार?"

"तिच्या लग्नापासून रोज घातलेली घुगरी आहे, सर. पद्धत तशी लिहिता येत नाही. म्हणून ती दोन्ही रीडिंगं मी प्रबंधातून काढली आहेत. फक्त प्रश्न कसा सुचला, एवढंच प्रस्तावनेत आहे. निष्कर्ष या तीन पत्र्यांवर आहेत."

"तिसरी घुगरी घेऊन तेच परत करता आलं असतं."

"तिसरी नसते, सर."

सरांनी कागद उलटवला. "मिठाचा थर चढवून चांदी सच्छिद्र करणं, हे बाहेर झालेलं आहे. तुम्ही पहिल्या नाही."

"माहीत आहे, सर. वाचलं. पण माझं करून झाल्यावर वाचलं. त्यांनी शुद्ध रसायनं आणि महाग पाणी वापरलं आहे. मी बाजारातलं मीठ आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी वापरलं. तरी ऐंशीला जातं. एवढंच नवीन आहे."

मुधोळकर सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "बरं." तिसरा. "एवढं आहे तर एवढंच लिहा. 'अभूतपूर्व' हा शब्द काढा. आणि सबमिट करा."

मॅडमनी जिन्यात तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "पास झालीस, कळतंय ना?" ममताला कळत होतं. 'अभूतपूर्व' हा शब्द अनिकेतने घातला होता, तेही तिला कळत होतं.

रविवारी ती घरी गेली आणि झालेलं सगळं सांगितलं. सुखीबाई होतीच. रुपीबाईने शेवटपर्यंत ऐकलं आणि सगळं संपल्यावर विचारलं, "म्हणजे साधं मीठ?"

"हो. मीठ आणि उलटा करंट."

"हे खायाचं मीठ?"

"तेच."

"पुडीतलं?"

"हो, याडी."

रुपीबाईने उजव्या कानाजवळची राखाडी घुगरी हाताने चाचपली. "मंग मिठानंच होत होतं तं माही घुगरी कायले काढाले लावली?"

"मीठ हाय म्हणून घुगरीनंच तं सांगतलं ना मले!" ममताही घरच्या बोलीत आली. "तू घासली असती तं मले कधीच कळलं नसतं."

"कोनं सांगतलं?"

"घुगरीनं."

"घुगरीनं नाई. मी घासली नाई म्हणून," रुपीबाई म्हणाली. "मंग माहं नाव लिह्यलं का त्याच्यात?"

ममताने पेन शोधलं. मग म्हणाली, "लिहिते."

"बापाचं नको लिहू," रुपीबाई सूप उचलत म्हणाली. "थो अर्ध्यातून उठून गेलता."